नाताळ लागला की

१२ सप्टेंबर

प्रिय धाकटे,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. अगं, फोन हातात घेतला की तुझी लेक माझ्या कमरेला चिकटते आणि 'स्पीकर लाव, स्पीकर लाव' करते. तिच्यासमोर काय बोलणार, कपाळ! आणि तुझी हॉस्पिटलची ड्युटी, क्लास, यातून तुला मोकळा वेळ तो रविवारचाच. म्हणून हे.

आमच्या दुकानात कालपासून नाताळ आला. हसू नकोस. बाहेर लोक घामानं निथळतायत आणि मी शोकेसमध्ये गुडघे टेकून कापसाचा बर्फ पसरतेय. पंखा लावला तर बर्फ उडतो, नाही लावला तर मीच वितळते. मॅनेजर म्हणतात, 'ताई, पलीकडच्या दुकानानं मागच्या वर्षी आपल्या आधी सजावट केली होती.' म्हणजे पलीकडच्यांनी मे महिन्यात केली तर आम्ही एप्रिलमध्ये करायची! पुतळ्यांचे सुती सदरे उतरवून त्यांना लोकर चढवली. त्या गडबडीत एकाचा हात निखळला, तो खिशात घातलाय असं दाखवून टेकवून ठेवलाय. आणि मधोमध ही भलीमोठी चांदणी. तिचं बटण फळीच्या मागे, इतकं खाली की लावताना माझी कंबर धरली.

लोकांना कसली एवढी घाई झालीय, देव जाणे. सण आपल्या दिवशी आला तर त्यात मजा. चार महिने आधीपासून दारात उभा राहिला तर तो पाहुणा नाही, डोक्याला ताप.

भिंगरी मजेत आहे. पुढचा एक दात पडला, दुसरा हलतोय. तू निघताना दारात तिच्या कानात सांगितलंस ना, 'नाताळ लागला की तुला न्यायला येते', ते तिनं पक्कं धरून ठेवलंय. रोज शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी विचारते, 'लागला का?' मी सांगते, अजून खूप अवकाश आहे. आणि आहेच. तू अभ्यास कर, जेव वेळेवर. घाई करू नकोस.

तुझी,
ताई

२६ सप्टेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र कॅन्टीनमध्ये उभ्या उभ्या वाचलं आणि चहा तसाच टाकून बाहेर आले. तू सरळ तोंडावर बोलणारी बाई. अशी आडून कधीपासून बोलायला लागलीस? 'नाताळ आला', 'दारात उभा राहिलेला पाहुणा', 'डोक्याला ताप'. मला कळतं गं. नाताळ आला, आता ने तुझ्या पोरीला, असंच ना?

तुझं काही चुकलं नाही. तुझी दोन खोल्यांची जागा, दिवसभर दुकानात उभं राहायचं, वर माझी पोर. भिंगरीचा बाप निघून गेला तेव्हा तू एका शब्दानं विचारलं नाहीस आणि आम्हा दोघींना घरात घेतलंस. आता जड झालं असेल तर ते बोलायचा तुला हक्क आहे. फक्त सरळ बोल.

इकडे सकाळी वॉर्डात चादरी घालायच्या, कोपरे असे दुमडायचे की मोठ्या सिस्टरनी नाणं टाकलं तर उडालं पाहिजे. दुपारी वर्ग. परीक्षा डिसेंबरच्या सुरुवातीला. ती झाली की क्वार्टर मिळणार आहे, एक खोली आणि स्वयंपाकघर, ते अगदी नक्की आहे. तोवर थोडं सांभाळून घेशील ना?

ती माझी आठवण काढते का? म्हणजे 'लागला का' हे सोडून?

धाकटी

४ ऑक्टोबर

धाकटे,

तुझं डोकं फिरलंय का? दुकानातल्या कापसाचं रडगाणं गायलं तर तू त्यातून हे काढलंस! पोर जड झाली म्हणे. एवढीशी तर आहे, जड व्हायला तिच्या अंगावर मांस कुठे आहे? मी मॅनेजरवर वैतागले होते. तुझ्यावर वैतागले की तुला वेगळं कळेल, काळजी नको.

आठवण काढते का म्हणजे काय? तुझा तो जुना निळा स्कार्फ उशीखाली घेऊन झोपते. मी धुवायला घेतला तर केवढा गोंधळ घातला. वास जातो म्हणे.

आता ऐक गंमत. परवा जेवता जेवता मला विचारते, 'मावशी, भूक लागते ती पोटाला कळते. ठेच लागते ती पायाला कळते. नाताळ लागतो तो कुठे कळतो?' मी म्हटलं, डिसेंबरमध्ये कळतो, भात संपव. तिला काही ते पटलं नाही. शेजारच्या आजींकडे गेली चौकशीला. आजी बिचाऱ्या साध्या, म्हणाल्या, 'अगं, दिवे लागले की नाताळ लागला!' झालं. आता बाई संध्याकाळी गॅलरीत उभी राहून समोरच्या खिडक्या मोजते. स्वयंपाकघरातला साधा बल्ब कुणी लावला तरी धावत येते. मी आजींना मनातल्या मनात कोपरापासून हात जोडले.

शाळेतून आणताना हल्ली मी तिला मागच्या गल्लीनं आणते. मोठा रस्ता खोदून ठेवलाय. चालायला लांब पडतं, पण इलाज नाही.

तू वेड्यासारखे विचार न करता अभ्यास कर.

ताई

आई

नाताळ लागला. मी पाहीला. आज मावशीला काम होतं म्हणून आजीनी मला मोठ्या रस्त्याने आणलं. रस्ता खोदलेला नाही. मावशीच्या दुकानात खूप दिवे आहेत आणि मोठी चांदणी आहे आणि बर्फ आहे. मी मावशीला सांगीतलं नाताळ लागला. मावशी म्हणते नाही लागला. पण वॉचमनकाका म्हणाले तो मावशीनेच लावला. बटण खाली आहे.

तू कधी निघालीस?

माझे दोन दात पडले. तू मला ओळखशील ना

भिंगरी

(आजीनी पाकीट दिलं. मावशीला माहीत नाही)

१६ ऑक्टोबर

ताई,

सोबत भिंगरीचं पत्र पाठवतेय, वाच. माझ्याकडे ते परत पाठव, मला हवंय.

रस्ता खोदलेला नाही. का खोटं बोललीस गं? मला वाटलं, तुला ती नकोशी झालीय. मी रोज तेच उगाळत होते. आणि तू तर तिला रस्त्यारस्त्यांनी लपवत होतीस! माझ्यापासून लपवत होतीस का तिला? माझी पोर तिकडे दिवे बघून विचारतेय की आई निघाली का, आणि मी इथे दुसऱ्यांच्या चादरींचे कोपरे दुमडत बसलेय. तिला वाटत असेल, आई खोटारडी आहे. बाप गेला तसा आईनंही शब्द मोडला.

मी येत्या रविवारी येते आणि तिला घेऊन जाते. कुठे ठेवणार विचारू नकोस. हॉस्टेलवर मुलं ठेवू देत नाहीत. क्वार्टर नक्की आहे म्हणाले ते खरं नव्हतं. पहिल्या झटक्यात पास झाल्या त्यांनाच मिळते. नाही झाले तर पुढच्या वर्षीपर्यंत हॉस्टेलच. पण हे सगळं मला आता नको. कोर्स सोडून देते. कुठेतरी धुणीभांडी करीन, पण ती माझ्याजवळ असेल.

तिची बॅग भरून ठेव.

धाकटी

१९ ऑक्टोबर

धाकटे,

हे पत्र मी स्पीड पोस्टनं टाकतेय. हे मिळेपर्यंत गाडीत बसू नकोस, माझी शपथ आहे. आजचा दिवस कसा गेला ते आधी ऐक, मग मला काय बोलायचं ते बोल.

आज शाळा सुटायच्या वेळी मी वरच्या गोदामात होते. मला वाटलं, आजी आणतील. आजींना वाटलं, मी आणेन. घरी आले तर दाराला कुलूप आणि आजी एकट्या पायरीवर. तशीच उलटी फिरले. शाळेत गेले, शाळा बंद. मागची गल्ली पाहिली, बाग पाहिली, चप्पल कुठे तुटली ते कळलंही नाही. मी रस्त्यात दिसेल त्याला अडवून विचारत होते, 'माझी मुलगी पाहिलीत का? दोन वेण्या, पुढचे दात नाहीत.' माझी मुलगी म्हणत होते गं. 'भाची' हा शब्द तोंडात आलाच नाही.

शेवटी दुकानाशी आले तर शोकेससमोर ही गर्दी. लोक हसतायत, बोटं दाखवतायत. त्यांना वाटलं, दुकानानं नवीन पुतळा आणलाय. तुझी भिंगरी चांदणीखाली कापसात मांडी घालून बसली होती. गणवेश, मांडीवर दप्तर, गळ्यात तुझा निळा स्कार्फ. मागचं छोटं दार तिला माहीत आहे, मीच कधीतरी दाखवलं होतं. सरळ समोर बघत बसली होती, हलत नव्हती.

मी आत घुसले. ओरडायला तोंड उघडलं. ती म्हणाली, 'मावशी, बाजूला हो. आई आली की तिला मी समोरून दिसायला पाहिजे ना.'

मी तिथेच बसले कापसात, तिला मांडीवर घेतलं आणि रडले. रडले म्हणजे भोकाड पसरलं, तेही काचेत, सगळ्या बाजारासमोर! मग तिला खरं सांगितलं. म्हटलं, आईची परीक्षा आहे, ती आत्ता येऊ शकत नाही. हा नाताळ खरा नाही, दुकानाचा आहे, उगाच लवकर लावलाय. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'मग लावलास कशाला? विझव.'

मी फळीमागे हात घातला आणि चांदणी विझवली. ती म्हणाली, 'आईला वेळ झाला की लावू.' आणि दप्तर घेऊन घरी चल म्हणाली. इतकी साधी गोष्ट होती, आणि मी महिनाभर पोरीला गल्लीबोळांतून फिरवत होते.

का फिरवत होते ते विचारतेस ना? मला ती जायला नको होती, म्हणून. सप्टेंबरमध्ये ती चांदणी लावताना माझ्या मनात आलं, आता ही दिसली की पोर म्हणणार लागला, आणि तू येऊन तिला घेऊन जाणार. लोक नाताळाची घाई करतात म्हणून मी कुरकुरत होते. अगं, मला तो उशिरासुद्धा नको होता.

पण हे माझं झालं. तू आत्ता आलीस तर तुझं वर्ष पाण्यात, तिची खोली पाण्यात, आणि मला तुम्ही दोघी परत माझ्याच घरी मिळाल, हे मला कळत नाही का? तसलं मिळालेलं मला नको. तू परीक्षा दे. पास हो. मग ये आणि तिला उजळ माथ्यानं घेऊन जा. मी आड येणार नाही. आले तर ढकलून दे मला.

मॅनेजरनी विचारलं, मोठी चांदणी का बंद? मी म्हटलं, बिघडली. म्हणाले, दुरुस्त करा. मी म्हटलं, डिसेंबरपर्यंत होईल असं वाटत नाही.

तुझी,
ताई

ता. क. तिचं पत्र परत पाठवतेय. 'ओळखशील ना' पाशी माझ्यानं पुढे वाचवलं नाही.

२४ ऑक्टोबर

प्रिय ताई,

बॅग भरलेली होती. वॉर्डनबाईंकडे अर्ज द्यायला निघाले आणि दारातच तुझं पत्र हातात आलं. जिन्यात बसून वाचलं. अर्ज फाडून टाकला.

'माझी मुलगी पाहिलीत का' ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. मला राग यायला हवा होता. थोडा आलासुद्धा, खोटं का बोलू? मग वाटलं, मी इथे असताना तिला शोधायला अनवाणी धावणारी कुणीतरी तिची आहे. नुसती भाची म्हणून कुणी तसं धावलं नसतं.

पण मला भीती वाटते गं. वाचलेलं डोक्यात राहत नाही. काल प्रॅक्टिकलला साधं बँडेज बांधलं तर दोनदा सुटलं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, 'पेशंट घाबरलाय की तुम्ही?' नापास झाले तर तिला काय सांगायचं? आणि पास झाले, आले, आणि ती तुझ्या पदराआड लपली तर? तिला माझा चेहरा आठवतो का? फोनवरचा आवाज नव्हे, चेहरा.

परीक्षा संपेपर्यंत मी लिहिणार नाही. लिहायला बसले की रडते आणि पुस्तक ओलं होतं. फोनवरही तिच्याशी फक्त दातांबद्दल बोलेन.

धाकटी

१० डिसेंबर

प्रिय धाकटे,

परीक्षा संपली असेल. तू फोन उचलत नाहीस, पत्र नाही. निकाल वाईट आला का? तू आजारी आहेस का? काहीही असो, दोन ओळी टाक. माझ्या डोळ्याला डोळा नाही.

आता अख्खा बाजार झगमगतोय. मी भिंगरीला उघड उघड मोठ्या रस्त्यानं आणते. मला वाटलं होतं, रोज रडेल. छे! बाईसाहेब दिव्यांच्या माळांखालून ताठ मानेनं चालतात. काल फुगेवाल्यानं विचारलं, 'काय बाळ, नाताळ आला ना?' तर म्हणते, 'हा लोकांचा. आमचा अजून लागायचाय.'

घरात मी एक छोटी चांदणी आणलीय, कागदाची. खिडकीत टांगून ठेवलीय, विझलेली. कुणी तिच्या बटणाला हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद आहे. आजी चुकून जवळ गेल्या तर त्यांनाही ओरडली.

तुझा चेहरा आठवतो का म्हणालीस. तुझा फोटो आरशात अडकवलाय. रोज वेणी घालताना मला विचारते, 'माझं नाक आईसारखं आहे का?' आहेच मेलं, डिट्टो तुझं. ती लपणार नाही तुझ्यापासून. लपलेच तर मी लपेन, मोरीत जाऊन.

आणि पोरीनं विचारलं होतं ना, लागतं ते कुठे कळतं? भूक पोटाला, ठेच पायाला. मला लळा लागलाय तो कुठे कळतो ते आता मला विचारा. दोन वेण्या घालून झाल्या की हात रिकामे होतात, तिथे कळतो.

पास असो, नापास असो, ये.

ताई

१७ डिसेंबर

ताई,

निकाल हातात आल्याशिवाय फोन उचलायची हिंमतच झाली नाही. पास! खोलीची किल्ली माझ्या हातात आहे. शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं पोचते. तिला सांग, चांदणी विझलेलीच ठेव.

धाकटी

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तू लिहीत नाहीस. फोनवर 'बरी आहे, बरी आहे' करतेस आणि ठेवून देतेस. आजींकडून कळलं की तू अजूनही शाळा सुटायच्या वेळी घड्याळ बघतेस आणि दुकानातून मागच्या गल्लीनं घरी येतेस. आता कुणाला लपवतेस गं?

इथलं सांगते. खोली छान आहे. भिंगरीला शाळेत एक मैत्रीण मिळाली, तीही दात पडलेली. दोघी मिळून शिट्टी वाजवायचा प्रयत्न करतात. माझी ड्युटी दिवसाची आहे, नशीब.

त्या शनिवारची एक गोष्ट तुला सांगायची राहिली. मी दारात उभी राहिले, ती पळत आली नाही. मी बॅग हातात धरून तशीच उभी. ती आधी खिडकीकडे गेली, मला बोटानं बोलावलं, बटण दाखवलं, आणि मी ते दाबल्यावरच गळ्यात पडली. तुला दिसलं नाही ते. तू खरंच मोरीत होतीस.

आता तुझ्याकडे तक्रार आहे. तू लोकांच्या नावानं ओरडायचीस, नाताळ फार लवकर सुरू करतात म्हणून. आमच्याकडे तो संपतच नाहीये. तू बॅगेत घातलेली ती कागदाची चांदणी अजून खिडकीत आहे आणि अजून लागलेली आहे. आख्खा मजला मला विचारतो, सिस्टर, हे काय, फेब्रुवारी आला की! मी दोनदा विझवायला गेले. तुझी भाची बटणासमोर हात पसरून उभी राहते. म्हणते, 'आईनं लावला. आता विझवायचा मावशीनं.'

काल विचारत होती, मावशी कधी येणार. माझ्या ओठांवर आलं होतं, अमुक लागलं की येईल. जीभ चावली. असं काही पुन्हा कबूल करायचं नाही, कानाला खडा. म्हटलं, विचारून सांगते.

तर विचारतेय. दुकानाला रजा टाक. मॅनेजरना सांग, बिघडले आहे, दुरुस्त व्हायला वेळ लागेल. ये आणि विझव. बटण दाराच्या मागे आहे, खाली, तिचा हात पुरेल इतकं.

तुझी,
धाकटी